पाटाची ओळ

वसईजवळच्या होळी गावात नरहरीचं घर विचारताना नुसतं 'सोनचाफ्याची वाडी' म्हणून भागत नाही. तशा वाड्या चार निघतील. 'बँडवाले नरूमास्तर' म्हटलं की मात्र कुणीही पुढे चालत येऊन दारापर्यंत सोडतं. बँड बंद होऊन बारा वर्षं झाली, नरहरीला चौऱ्याहत्तरावं लागलं, तरी हे नाव काही त्याला सोडत नाही. त्याला ते आवडतं. पण कुणी कौतुक करायला लागलं की तो अंग चोरतो. "आमचं काय," तो म्हणतो, "गाणी लोकांची. कुणी बांधली, कुणी गायली, आम्ही आपली फुंकली."

हे तो वरवर म्हणायचा नाही. त्याला खरंच तसं वाटायचं, आणि त्याला कारण होती एक ओळ.

'सोनचाफा ब्रास बँड'मध्ये अकरा माणसं होती आणि अकराही वाडीवाली. पहाटे चाफा काढायचा, केळीला पाणी सोडायचं, दुपारी जेवून ताणून द्यायची आणि संध्याकाळी पिवळे कोट चढवून लग्नाला उभं राहायचं. नरहरी क्लॅरिओनेट वाजवायचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला ते शिकवलं होतं. लग्न हिंदूंचं असो की ख्रिस्ती घरातलं, आसपासच्या गावांत सोनचाफाच लागायचा.

आणि लग्नात लोकांना लागायचं नवं गाणं. सिनेमा लागून आठवडा होत नाही तोच नवऱ्या मुलाचा मामा विचारायचा, "मास्तर, ते येतं का?" तेव्हा घरोघर टेपरेकॉर्डर नव्हते, आणि रेडिओ गाणं लावायचा तो आपल्या मर्जीनं. म्हणून बँडची एक रीत होती. नरहरी आणि ट्रम्पेटवाला श्रीपत, दोघं वसईला सिनेमाला जायचे. मुखडा नरहरीनं डोक्यात धरायचा, अंतरा श्रीपतनं. सिनेमा सुटला की होळीपर्यंत चालत यायचं आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही. बोललं की चाल सांडते. कुणी भेटून 'कसा आहे रे पिक्चर?' असं विचारलं तरी दोघं नुसते हात जोडून पुढे सरकायचे. हे दोघं दर सिनेमाला भांडून येतात, असं गावात कित्येकांना वाटायचं. घरी पोचले की आधी क्लॅरिओनेटवर मुखडा, मग ट्रम्पेटवर अंतरा, आणि मगच प्यायला पाणी.

एका वर्षी एक गाणं फार गाजलं. नायिका झोपाळ्यावर बसून गाते, म्हणून होळीत त्याला झोपाळ्याचं गाणंच म्हणत. शनिवारी गावात लग्न होतं, म्हणून गुरुवारी दोघं सिनेमा बघून आले. येताना अर्ध्या वाटेवर श्रीपतच्या चपलेतून बाभळीचा काटा थेट टाचेत गेला. श्रीपतनं त्या काट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि गप्प झाला तेव्हा अंतऱ्याची शेवटची ओळ त्याच्यापाशी नव्हती.

"गेली?" नरहरीनं विचारलं.

"गेली. तुझा मुखडा?"

"आहे. आता तोंड उघडू नको."

दुसऱ्या दिवशी टॉकीजमध्ये पिक्चर बदलला. गाणं तसंच, एका पायानं लंगडं, लग्नाला उभं राहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि आंघोळीसाठी कळशा भरून आणतात. ते उंबराचं पाणी. जाताना बँडनं हवं तेवढं नाचवावं. पण येताना डोक्यावर भरल्या कळशा असतात, तेव्हा गाणं पावलांच्या बेतानं वाजवावं लागतं. गाणं कितीही उडतं असलं तरी परतीच्या वाटेवर नरहरी त्याला अर्ध्या चालीवर आणायचा. गाव त्याला 'पाण्याची चाल' म्हणायचं. वाटेत वाड्यांना पाणी नेणारा पाट आडवा यायचा. त्यावर माडाचं एक खोड टाकलेलं होतं. बायका एकेक करून त्यावरून यायच्या, आणि बँड पलीकडे उभा राहून वाजवत असायचा.

त्या शुक्रवारी शेवटची होती रखमाबाई, नरहरीची बायको. लग्नाला चार महिने झालेले. ती खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली. चिखलात चालायची सवय, पण ओल्या खोडावरून नाही. बाकी बायका पार झाल्या आणि ही खोडाच्या मधोमध थबकली. नेमका तिथेच अंतरा संपला. श्रीपतनं ट्रम्पेट खाली घेतला, कारण पुढचं त्याच्याकडे नव्हतंच. आता बँड थांबला असता तर सगळ्या बायका वळून बघत्या, आणि नव्या सुनेचे पाय तिथेच लटपटले असते. नरहरीनं डोळे तिच्या पावलांवर ठेवले आणि जे आलं ते फुंकलं. एक पाऊल पुढे, तसा सूर वर. ती थांबली की सूर लांबवला. पुढचं पाऊल पडलं की दोन पायऱ्या खाली. तिचा पाय मातीला लागला तेव्हा कुठे त्यानं मुखडा धरला.

पुढच्या लग्नात बायकांनी तेच मागितलं. त्याच्या पुढच्याही. गावाला ते गाणं तसंच पाठ झालं, पाटाच्या ओळीसकट. चारेक वर्षांनी नरहरीच्या चुलतीकडे, भागूबाईकडे, टेपरेकॉर्डर आला आणि त्या गाण्याची कॅसेटही आली. भागूबाईनं ती दोनदा ऐकली आणि मुलाच्या हातात परत ठेवली. "बदलून आण. पाटाची ओळ गाळली आहे मेल्यांनी."

गाव हसलं, पण नरहरी हसला नाही. त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, मूळ ओळ कशी आहे ते. ती वेगळीच होती, सुबक होती. आणि मग एका लग्नात, सफारी घातलेल्या एका शहरी पाहुण्यानं भर मांडवात त्याला थांबवलं. "मास्तर, गाणं पाठ नसेल तर वाजवू नये. बांधणाऱ्यानं काय तुम्ही मोडावं म्हणून बांधलंय?" अकरा पिवळे कोट उभ्या जागी गप्प झाले. नरहरीनं मान हलवली. त्या माणसाचं काही चुकलं आहे असं त्याला वाटलं नाही, आणि म्हणूनच ते अधिक लागलं.

त्यानंतर बाहेरगावी तो बरोबर ओळ वाजवायचा. होळीत मात्र ते चालू दिलं नाही कुणी. भागूबाई कळशी डोक्यावर घेऊन खोडाच्या अलीकडे ठाण मांडायची. "आमची ओळ वाजव, मगच येते." नरहरी वाजवायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

मग डीजे आले. पाट बुजला आणि वरून काँक्रीटचा रस्ता गेला. क्लॅरिओनेट पेटीत गेलं, पेटी कपाटावर गेली, आणि ओळीचा विषय संपला असं नरहरीला वाटलं.

तो उकरून काढला नातीनं. रुचिता नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी गाते. तिचा, ॲल्रॉयचा आणि जेन्सनचा मिळून एक बँड आहे. गावातल्या जुन्या तळ्यांवरून त्यांनी त्याचं नाव 'बावखल' ठेवलं. ॲल्रॉय होळीचाच, गिटार वाजवतो. जेन्सन आचोळ्याचा, ढोलकीपासून ड्रमपर्यंत काहीही बडवतो आणि रेकॉर्डिंगही तोच करतो. गाजलेली गाणी आपल्या पद्धतीनं वाजवून ते यूट्यूबवर टाकतात.

"स्वतःची गाणी का नाही करत?" नरहरीनं एकदा विचारलं होतं.

"करतो ना, आबा. आईबाबा ऐकतात आणि ॲल्रॉयची मावशी." रुचिता हसली. "ओळखीचं गाणं असलं की माणूस दार उघडतो. एकदा आत घेतलं की मग आपलं काय ते सांगता येतं."

हे नरहरीला लगेच पटलं. मांडवात ओळखीची चाल लागली की बसलेली माणसं कशी पाय हलवायला लागतात, हे त्यानं चाळीस वर्षं पाहिलं होतं.

एका रविवारी ॲल्रॉय मोबाइल घेऊन ओट्यावर आला. त्यात त्याच्या आईच्या, ॲंजेलाच्या, लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट उतरवून घेतलेली होती. उंबराचं पाणी येत होतं, आणि पाटापलीकडे पिवळ्या कोटातला, काळ्या केसांचा नरहरी गाल फुगवून उभा होता.

"अंकल, हे मी लहानपणापासून बघतोय. ओरिजिनल गाणं मी बारावीत ऐकलं. मला वाटलं, कुणीतरी कट केलंय!"

नरहरीचा चेहरा उतरला. "अरे, ते चुकलेलं आहे. ती ओळ त्या गाण्यात नाहीच."

"म्हणून तर पाहिजे," ॲल्रॉय म्हणाला. "झोपाळ्याचं गाणं करतोय आम्ही. पाण्याच्या चालीवर. आणि ती ओळ तुम्ही वाजवायची."

"माझी कवळी आहे रे."

"कवळी वाजवायची नाही, आबा, क्लॅरिओनेट वाजवायचं," रुचिता म्हणाली.

नरहरी हो म्हणाला खरा; पण मनाशी त्यानं वेगळंच ठरवलं. गावात चुकलो ते गावापुरतं राहिलं. आता ते जगासमोर जाणार, कायमचं राहणार. जायचंच तर बरोबर जाऊ दे. त्यानं क्लॅरिओनेटच्या तोंडाला लावायची नवी रीड मागवली आणि वाडीच्या टोकाला, पंपाच्या खोपटामागे बसून तीन आठवडे मूळ ओळ घोटली. पहिले आठ दिवस फुंक सुटण्याआधी कवळीच सुटायची. मग बेत जमला. रखमाबाई परडीत फुलं घेऊन जाता जाता एकदा थांबली.

"कुणाचं वाजवताय?"

"झोपाळ्याचं."

"वाटत नाही," म्हणून ती निघून गेली.

रेकॉर्डिंग आचोळ्याला जेन्सनच्या फ्लॅटवर होतं. रखमाबाई डबा घेऊन बरोबर आली. म्हणाली, कवळी कुठे काढून ठेवाल त्याचा भरवसा नाही. जेन्सनची आई कामावर गेली होती; रुचिता आणि ॲल्रॉय आधीच येऊन बसले होते. आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. खोलीबाहेरच्या बोळातून काळ्या वायरींची जाडजूड जुडी जमिनीवरून आडवी गेली होती. जेन्सननं नरहरीच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यात टक टक टक टक सुरू झालं.

"काका, ह्या ठोक्यावर चालायचं."

नरहरी चालला. तीनदा वाजवलं, तिन्ही वेळा एकही सूर ढळला नाही. शेवटची ओळ मुळात होती तशी, सुबक. हेडफोन काढून त्यानं पोरांकडे पाहिलं.

"परफेक्ट," जेन्सन म्हणाला. पण वाढदिवसाला पुस्तक मिळालेल्या मुलासारखं म्हणाला.

"आबा, ती ओळ?" रुचितानं विचारलं.

"हीच बरोबर आहे. कॅसेटवरून बसवली मी."

"बरोबर तर मोबाइलवर आहेच, आबा. ते ऐकायला आमच्याकडे कोण येणार?"

"अगं, भर मांडवात ऐकून घेतलंय मी त्या ओळीवरून." हे त्यानं घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. "आता म्हातारपणी अजून कशाला? कुणीही उठेल आणि म्हणेल, गाणं पाठ नाही म्हाताऱ्याला."

 ॲल्रॉय म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, अंकल. फुंक तुमची आहे."

तेवढ्यात इमारतभर बादल्या खडखडल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

"सॉरी, काका, दिवसाआड चाळीस मिनिटं येतं," म्हणत जेन्सन उठून पळालाच. नळ बाथरूममध्ये, पिंप स्वयंपाकघरात, मध्ये तो बोळ. ॲल्रॉयनं बादली उचलली, रुचितानं हंडा. रखमाबाईनं पदर खोचला, कुणाला न विचारता स्टीलची कळशी भरली आणि सवयीनं डोक्यावर चढवली.

"आजी, मला द्या, मी नेतो!"

"तू तुझ्या वायरी बघ. तुझ्या हातनं सांडेल पानी."

अठ्ठेचाळीस वर्षांत तिचं 'पानी' गेलं नव्हतं आणि त्यावरून चिडवणारी सासरची माणसं थकून गेली होती. ती कळशी सांभाळत बोळात आली आणि वायरींच्या जुडीपाशी थबकली. डोक्यावर कळशी असली की पायाखालचं दिसत नाही. तिनं एक पाय अंदाजानं उचलला, अधांतरी धरला.

उघड्या दारातून नरहरीला तिची पावलं तेवढी दिसत होती. क्लॅरिओनेट हातातच होतं. विचार करायला सवड असती तर त्यानं ते केलं नसतं. त्यानं अंतऱ्याचं शेपूट धरलं, हळू, पाण्याच्या चालीवर. रखमाबाईचा पाय पलीकडे पडला तसा सूर वर गेला. ती तोल सावरत थांबली. त्यानं सूर लांबवला, दम संपत आला तरी लांबवला. दुसरा पाय आला. सूर दोन पायऱ्या उतरला आणि मुखड्याला जाऊन टेकला. स्वयंपाकघरात कळशी पिंपात रिकामी झाली, भदाभदा.

"हां," आतून रखमाबाई म्हणाली, "आता वाटतं झोपाळ्याचं."

जेन्सन बादली तशीच ठेवून दारात आला होता. तो खोलीतल्या स्क्रीनकडे बघत राहिला. मघाशी उठताना त्यानं रेकॉर्डिंग बंद केलंच नव्हतं.

"आलंय," तो म्हणाला. "सगळं आलंय. पाण्यासकट."

पाणी भरून झाल्यावर सगळे गोधड्यांच्या खोलीत दाटीनं बसले. जेन्सननं ते लावलं. नरहरीनं आपली ओळ आयुष्यात पहिल्यांदा बाजूला बसून ऐकली. आजवर ती वाजवताना त्याचे कान नेहमी तापलेले असायचे; ती कशी लागते हे त्याला कधी कळलंच नव्हतं. ती जरा डगमगत होती. मधे श्वासाचा आवाज होता, कवळीची एक टिकटिकही होती. पण ती कुणाची तरी वाट बघत होती, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. मूळ गाण्यात सगळं होतं, फक्त हे थांबणं नव्हतं.

"पुसू का, आबा?" रुचितानं विचारलं.  "तुम्ही म्हणालात तर पुसते."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. रखमाबाई डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "तेव्हा पन असंच केलं होतं यांनी. थांबले असते तर मी पाटात गेले असते, कळशीसकट."

नरहरीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती ओळ कुणासाठी फुंकली होती हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"ठेव," तो म्हणाला. मग खाकरून, जरा ताठ बसून म्हणाला, "पण नीट लिहायचं. गाणं ज्यांनी बांधलं त्यांचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आणि खाली लिहा, पाटाची ओळ, नरहरी. ती माझी आहे."

जेन्सननं ती टकटक काढून टाकली. ढोलकी, गिटार आणि रुचिताचा गळा, सगळ्यांनी मग त्या ओळीच्या चालीनं आपापली पावलं टाकली. कळशीचा आवाज ठेवला.

गाणं लागलं आणि पहिल्या आठवड्यातच होळीतल्या प्रत्येक घरानं ते ऐकलं. लग्न होऊन फुलपाड्याला गेलेल्या एका पोरीनं लिहिलं की तिनं ते नवऱ्याला ऐकवलं आणि पाटाच्या ओळीपाशी रडली. ॲंजेला केकचा डबा घेऊन आली. श्रीपत आता फारसा हिंडत नाही. त्यानं फोन केला.

"नाव बघितलं तुझं. माझ्या काट्याचं कुठे आहे?"

"पुढच्या वेळी घालतो."

"घाल. तो नसता तर तू काय वाजवणार होतास, डोंबल?"

मग एक दिवस रुचिता ओट्यावर मोबाइल घेऊन बसली असताना तिचं तोंड वाकडं झालं. कुणीतरी लिहिलं होतं, 'छान आहे, पण अंतऱ्याची शेवटची ओळ चुकली आहे. ओरिजिनल ऐका.'

"आता बघा कसं सुनावते मी त्याला."

"थांब," नरहरी म्हणाला. तो चाफ्याच्या कळ्या निवडत होता. हात धोतराला पुसून तो तिच्या शेजारी बसला. भर मांडवात मान हलवली होती, तो दिवस त्याला आठवला. मान तेव्हाही उगाचच हलवली, असं त्याला वाटलं. "मी सांगतो तसं लिही. लिही की, चूक नाही. तिथे पाट होता."

"एवढंच?"

"आणि खाली नाव. नरहरी, सोनचाफा ब्रास बँड, होळी."

रुचितानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. रखमाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"माझा पाय घसरत होता ते नाही लिहिलं?"

"ते नाही लिहायचं," नरहरी म्हणाला आणि परडी पुन्हा पुढ्यात ओढून कळ्या निवडायला लागला. "ते घरातलं आहे."